लांब नळीचा मसला

बुडालेल्या जहाजात शिरणाऱ्या चार पाणबुड्यांना एकत्र बसवा आणि एवढंच विचारा, की रेग्युलेटरची नळी किती लांब असावी. तास-दोन तास कुणी जागचं उठणार नाही. आखातात नोकरी करता करता मी हा छंद धरला आणि त्याबरोबर हा वादही पदरात पडला.

वाद ऐकताना मला कोकणातल्या आमच्या मशिदी आठवतात. आम्ही शाफई. फजरच्या नमाजात कुनूत पढणारे, रुकूला जाताना हात उचलणारे. घाटावरून हनफी पाहुणा आला की क्षणभर थबकतो आणि मग इमामामागे नमाज पुरी करतो. इख्तिलाफ जुना आहे, दोन्हीकडे दलील आहे, आणि तशी ती आहे हे दोन्हीकडच्यांनी मान्यही केलेलं आहे. पाण्याखालच्या मसलकांना अजून तेवढी शतकं मिळालेली नाहीत, म्हणून तिथे आवाज चढतात.

नळीची गोष्ट अशी. फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये काही ठिकाणी वाट इतकी अरुंद असते की दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही. एकाचा वायू संपला तर दुसऱ्याचा रेग्युलेटर तोंडात धरून त्याला एका रांगेत बाहेर यावं लागतं. म्हणून नळी सात फुटी, म्हणजे सुमारे २.१ मीटर. ती उजव्या काखेखालून छातीवर येते आणि मानेमागून वळसा घेऊन तोंडाशी पोहोचते. खुबी ही, की गरजवंताला द्यायचा तो आपल्या तोंडातलाच रेग्युलेटर. आपण गळ्यात रबरी दोरीला अडकवलेला दुसरा घ्यायचा. घाबरलेला माणूस तसाही तुमच्या तोंडातलाच ओढतो, कारण तो चालू आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत असतं.

ही नळी उजव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हवरच का? तर पुढे जाताना डोक्यावरच्या छताला डावी मूठ घासली की ती बंद होण्याच्या दिशेने फिरते, उजवी उघडण्याच्या दिशेने. दुसऱ्याच्या हाती दिलेला श्वास चुकूनही बंद होता कामा नये. इतका बारीक विचार त्या मांडणीत आहे. विल्यम हॉगार्थ मेन या गुहावीराच्या नावावरून तिला हॉगार्थियन म्हणतात. पुढे जॉर्ज अर्विन आणि जॅरॉड जब्लॉन्स्की यांनी ती ‘डूइंग इट राइट’ या नावाने कडक शिस्तीत बसवली. भांडण त्या नावातच आहे. आम्ही बरोबर करतो, म्हणजे तुम्ही काय करता?

समोरच्या गोटातले लोक अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे. १९५६ साली बुडालेलं ‘आंद्रेया डोरिया’ सत्तर मीटरहून खोल. पाणी थंड, गढूळ, प्रवाह जोराचा, आणि जहाजावर अडकलेली मासेमारीची जाळी. तिथे जोडीदार हातभर अंतरावरूनही दिसेनासा होतो. म्हणून त्यांचा नियम असा की आपलं आपण बघावं. सगळं दुहेरी घ्यावं, कुणाच्या भरवशावर जाऊ नये. लांब नळी त्यांना गंजलेल्या लोखंडात अडकणारं आणखी एक लचांड वाटायची. दोन्ही पंथ आपापल्या जन्मभूमीत खरेच होते. गुहेचं छत दगडाचं असतं, जहाजाचं छत गंजत गंजत रोज थोडं कोसळत असतं.

हे नुसतं तात्त्विक नव्हतं. न्यू जर्सीपासून दूर समुद्रात १९९१ साली एक अनोळखी जर्मन पाणबुडी सापडली, सुमारे सत्तर मीटरवर. १९९२ च्या ऑक्टोबरात ख्रिस राउस आणि त्यांचा मुलगा ख्रिसी आत शिरले. दोघं गुहांत मुरलेले. आतला ढिगारा मुलावर कोसळला, बाप सोडवायला गेला. दोघं बाहेर आले, पण टप्प्याटप्प्याने थांबत वर न येता थेट वर आले आणि दगावले. त्यानंतर उपकरणांच्या मांडणीवर पुष्कळ बोललं गेलं. माझं मत विचाराल तर आधी सिलिंडरच्या आत बघा. त्या दिवशी ते साध्या हवेवर होते. सत्तर मीटरवर दाब आठ पट असतो, हवेतला नायट्रोजन माणसाला झिंगवतो आणि ऑक्सिजन झटके आणण्याइतका तीव्र होतो. हेलियम मिसळलेला वायू महाग पडतो, हे खरं दुखणं. नळीवर तावातावाने बोलणारे खिशावर बोलायची वेळ आली की गप्प होतात.

आणि त्याच पाणबुडीची ओळख शेवटी कशी पटली? १९९७ साली जॉन चॅटरटन एकच सिलिंडर घेऊन गेले, अडथळ्यापाशी तो पाठीवरून काढला आणि फटीतून पलीकडे गेले. सुट्या भागांच्या पेटीवरच्या पट्टीवरून कळलं, ती यू-८६९. कुठल्याही पंथाच्या पुस्तकात ही मांडणी बसत नाही. मी तशी करणार नाही, दुसऱ्या कुणाला करूही देणार नाही. पण त्या फटीतून दुसऱ्या कशानेच जाता आलं नसतं.

माझा जोडीदार मालवणचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी पाठीवर दोन जोडलेले सिलिंडर घेतो. मध्ये झडप असते. गळती लागली तर ती बंद करून निम्मा वायू वाचवता येतो. तो साइडमाउंटवाला. दोन सुटे सिलिंडर दोन्ही कुशींना, व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर, बुटक्या दारातून सापासारखा जातो. बोटीच्या शिडीवर मात्र लाटेत त्याचे हाल बघवत नाहीत.

“भाईजान, माझं काही फुटलं तर मला दिसतं. तुमचं तुमच्या मानेमागे फुटणार,” तो म्हणतो.

बरोबरच आहे. माझी हरकत वेगळी होती. सुटे सिलिंडर समान रिकामे करायचे तर रेग्युलेटर आलटून पालटून तोंडात घ्यावे लागतात. म्हणजे निम्मा वेळ त्याच्या तोंडात आखूड नळी. मला गरज पडली तर मी ओढणार कुठली? माझ्या वाट्याचा श्वास त्याच्याकडे अमानत आहे, तशीच त्याची माझ्याकडे. अमानत कुठल्या खिशात ठेवली आहे हे विचारायचा हक्क मला आहे, असं मी त्याला म्हणालो. तो हसला, पण दोन दिवस त्यावरच बोलत होता.

त्याच प्रवासात आम्ही सफागाजवळच्या ‘सालेम एक्सप्रेस’वर उतरलो. १९९१ च्या डिसेंबरात जेद्दाहहून परतणारी ही फेरी प्रवाळावर आदळली आणि काही मिनिटांत बुडाली. सौदीत राबणारे कामगार, मक्केहून येणारे जायरीन, चारशेहून जास्त जीव गेले. ती उजव्या कुशीवर पडली आहे, जेमतेम तीस मीटरवर. आमच्या सामानाला ते काहीच कठीण नव्हतं. काही जण आत जातात, बॅगा बघतात. आम्ही वाट दाखवणाऱ्या दोरीची रील बोटीवरच ठेवली. दोरीशिवाय आम्ही कुठल्याच जहाजात शिरत नाही, त्यामुळे प्रश्न पाण्यात उतरण्याआधीच मिटला. काय घ्यायचं यावर एवढा खल होतो, काय मागे ठेवायचं यावर फारसा होत नाही. मी वरच फातिहा पढली. तोही हात जोडून उभा होता.

पुढचा बेत ‘रोझाली मोलर’चा, १९४१ च्या ऑक्टोबरात बाँबने बुडालेलं कोळशाचं जहाज, पन्नास मीटरवर सरळ उभं. त्याआधी आमची तडजोड झाली. त्याने उजव्या सिलिंडरला सात फुटी नळी लावली. ती तोंडात नसेल तेव्हा छातीच्या उजव्या कड्यावर, झटक्यात सुटेल अशा दोरीला. मी तोंडातलं ओढायचं नाही, कड्यावरचं बघायचं. सहा मीटरवर डोळे झाकून आम्ही हे पुन्हा पुन्हा केलं, हात आपोआप जाईपर्यंत. क्लिपा धातूला धातू न लावता दोरीने बांधायच्या, म्हणजे अडकलं तर कापता येतं, यावर दोघांचं आधीपासून एकमत.

कात्री कुठे लावायची यावर मात्र नाही. तो म्हणतो कमरपट्ट्यावर डावीकडे एक पुरे. मी म्हणतो दोन हव्यात, दोन्ही हातांना पोहोचतील अशा. पुढच्या सुट्टीत बसू.