तात्यांची गिनती

तात्यांना गावात कुणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. पलटणीत होते तोवर ते मिल्ट्रीतले तात्या आणि पोलिसात गेल्यावर जमादार तात्या. पोलिसात ते साधे शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले, पण गावाच्या तोंडात जमादार हाच शब्द बसला. दोन पेन्शनी घेणारा आमच्या गावातला तो एकच माणूस. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी कागदाची पिशवी काखेला मारून साताऱ्याला निघायचे आणि एसटीच्या थांब्यावर म्हणायचे, "चाललो बाबा, जित्ता हाय म्हणून सांगाय."

आमच्या जिल्ह्यात पलटणीत जाणं हे काही नवल नाही. अपशिंगे गावाच्या नावाला तर मिलिटरी हा शब्दच चिकटलाय. तात्या बेळगावला मराठा पलटणीत गेले तेव्हा मी रांगत होतो. मला ते पहिल्यांदा नीट आठवतात ते ७२ च्या दुष्काळात. लढाई जिंकून आलेला माणूस रजेवर आलाय म्हणून आम्ही पोरं गोष्टी ऐकायला त्यांच्या दारात गेलो, तर तात्या घरात नाहीत. आईसंगं खडी फोडायला गेलेले. माझी आईही त्याच कामावर होती. अंगात मिल्ट्रीची बनियन, हातात हातोडा. मुकादमानं हजेरीला नाव घेतलं की तात्या उठून सावधान उभे राहायचे आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. दुपारी मिलोची लाल भाकरी सगळ्यांसारखीच तेही खायचे.

लढाईचं ते बोलत नसत. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं तरी झेंड्याला सलाम ठोकून खाली बसत. एकदाच बोलले. रात्रपाळीची लाईट होती, मी गव्हाला पाणी देत होतो आणि त्यांची पाळी माझ्यानंतर. बांधावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "जमालपूरला असाच गारठा व्हता." त्यांची पलटण एक मराठा, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ मध्ये ब्रह्मपुत्रा ओलांडून ती जमालपूरच्या मागं जाऊन रस्ता अडवून बसली होती. शरण या म्हणून ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी आतल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला चिठ्ठी धाडली, तर उलट चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून आली. १० तारखेच्या रात्री ते लोक फोडून बाहेर पडायला निघाले आणि नेमके मराठ्यांच्या पुढ्यात आले. सकाळी उरलेले शरण आले. एवढं सांगून तात्या गप्प झाले. मग म्हणाले, "उजाडल्यावर बघितलं तर रस्त्यावर पडल्याली पोरं आमच्याच वयाची. आन् आमच्यात गिनती घेतली, तर काही नावांना ओच मिळंना."

पलटणीत हजेरीला गिनती म्हणतात, हे मला त्या रात्री कळलं.

पोलिसातली त्यांची वीस-बावीस वर्षं मी फारशी पाहिली नाहीत. या ठाण्यातून त्या ठाण्यात बदल्या व्हायच्या, सणावाराला बंदोबस्त म्हणून दिवाळीलाही घरी नसायचे. त्यांचा हात मात्र पोलिसीच राहिला. माझ्या धाकट्या भावानं एकदा पिऊन पारावर शिव्या दिल्या, तर सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात मारली. ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

२००३ ला ते गावी आले. सकाळी भरतीच्या पोरांना तळ्याच्या रस्त्यानं पळवायचे. सोळाशे मीटर पोरांना, आठशे पोरींना, हातात जुनं घड्याळ. संध्याकाळी जेवण झालं की बॅटरी घेऊन गावातनं एक चक्कर. कुणाच्या ओट्यावर कोण आहे, कुणाची लाईट आज लवकर गेली, दूध घालायला कोण आलं नाही, सगळं ध्यानात. पारावरची टवाळ पोरं म्हणायची, "तात्या गिनतीला निघालं." मीही हसायचो.

मग एका साली माझं आलं सडलं. आल्याचं पीक ज्यानं केलंय त्याला सांगायला नको. बियाण्यातच निम्मा पैसा जातो, आणि पाऊस लांबून वाफ्यात पाणी थांबलं की कंद हातात धरला तर बोटं आत जातात. जे हाती लागलं त्याला दर नव्हता. सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी, त्यात बायकोचे दागिने गहाण. मी घराबाहेर पडायचं सोडलं. तिसऱ्या रात्री शेडात बसलो होतो. का बसलो होतो ते इथं लिहीत नाही. बॅटरीचा उजेड आला आणि मागून तात्या.

त्यांनी काही विचारलं नाही. पोत्यावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोलिसात मी पंचनामे लय लिवले. रजिस्टरला अकस्मात मयत एवढीच नोंद व्हती. वर्दी द्याला पोरगा यायचा, न्हाईतर भाऊ. सही करताना त्याचा हात मला बघवायचा न्हाई. तुझ्या पोराचा हात मला बघाय लावू नगं."

उठताना शेडातले औषधाचे सगळे डबे त्यांनी पोत्यात भरून नेले. "फवारायचं आसंल तर मागाय ये." ते वर्षभर मी दर फवारणीला त्यांच्या घरनं औषध मापून आणत होतो. काकू मापायच्या, आणि घरात सगळे कसे आहेत ते विचारायच्या.

पैसे त्यांनी दिले नाहीत, हे मुद्दाम लिहितो, कारण गावात तसा समज आहे. दुसऱ्या दिवशी सोसायटीत आणि दुकानात माझ्याबरोबर आले, एवढंच. तिथं जुना पोलीस शेजारी बसलेला असला की माणूस जरा हळू बोलतो. हप्ते पडले. मी दोन म्हशी विकल्या, आणि बाकीचं चार वर्षांत फिटलं.

गेल्या साली ऑक्टोबरात तात्या गेले, नोव्हेंबरच्या दाखल्याआधी. सरकारी सलामी वगैरे काही नव्हती. सुट्टीवर आलेली चार-पाच फौजी पोरं, त्यांनीच पळवलेली, ओळीनं उभी राहिली आणि सलाम ठोकला. एक पोलीस झालेली पोरगी ड्युटीवरनं वर्दीतच आली होती, ती ओक्साबोक्शी रडली. माझा धाकटा भाऊ खांदा द्यायला पुढं होता.

काकूंनी त्यांची बॅटरी मला दिली. परवा आमच्या खालच्या आळीतला एकजण दोन दिवस डेअरीवर दिसला नाही. गेल्या हंगामात त्याचा ऊस तोडीवाचून वाळला होता, म्हणून रात्री जेवण सोडून गेलो. त्याला नुसता ताप होता. "येवढ्या रातचं कशाला आलायसा?" म्हणाला. काय सांगावं कळेना. चहा झाला, तो घेतला आणि परत आलो.