छावणीतल्या बायकांची परिषद

परदेशवारीची वर्णने आपण वाचतो ती बहुधा साहेबांची, पुढाऱ्यांची नाहीतर लेखकांची. एका कारकून बाईने जर्मनीला जाऊन यावे, आणि तेही ख्रिस्ती बायकांच्या परिषदेला, याचे आमच्या वस्तीत नवल झाले. "धर्म बदललास की काय गं?" असे एकीने तोंडावर विचारले, बाकीच्यांनी पाठीमागे. सर्वांना एकदाच उत्तर द्यावे म्हणून हे लिहीत आहे.

आमच्या कार्यालयात एक ख्रिस्ती बाई होत्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. सारे कार्यालय त्यांना ताई म्हणे. त्यांची मुलगी नर्स होऊन अमेरिकेला गेली, तिथल्या एका सैनिकाशी तिचे लग्न झाले आणि पुढे त्याची बदली जर्मनीत झाली. गेल्या वर्षी तिथल्या लष्करी चॅपेलमधल्या बायकांनी दोन दिवसांची परिषद ठेवली, तेव्हा मुलीने आईला बोलावले. ताई आता निवृत्त झालेल्या, गुडघे दुखतात, एकटीने विमानात बसायची भीती. मला म्हणाल्या, "तू चल गं सोबतीला. तुझं तिकीट पोरगी काढते." मी म्हटले, "अर्धे पैसे मी देईन ताई, तरच येते." पतसंस्थेचे कर्ज काढले. सरकारी नोकर परदेशी निघाला की आधी खात्याची परवानगी, मग व्हिसा. त्यासाठी पगाराचा दाखला, बँकेचा उतारा, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि निदान ३० हजार युरोचा प्रवास विमा. आजवर दुसऱ्यांच्या फायली लावल्या, या वेळी स्वतःची लावली.

मी गेले त्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. माझे मिस्टर फौजेत होते. २००१च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि फौजा सीमेवर गेल्या, त्या जवळजवळ दहा महिने तिथेच होत्या. माझी थोरली तेव्हा सहा महिन्यांची. मी सासरी होते. गावात एकच एसटीडी बूथ. फोन कधी येईल याचा नेम नाही, म्हणून पोर मांडीवर घेऊन बूथवाल्याच्या ओट्यावर बसून राहायची. लोक विचारायचे ते "मनिऑर्डर आली का?" एवढेच. बाईच्या जिवाला काय वाटते, हे विचारायची पद्धतच नव्हती. दुसऱ्या मुलखातल्या फौजी बायका असे दिवस कसे काढतात, हे मला पाहायचे होते.

मुंबईहून फ्रँकफर्टपर्यंत नऊएक तासांचे विमान, पुढे मोटारीने दीड तासावर कायझर्सलाउटर्न. शहर जर्मन लोकांचे, पण आजूबाजूला अमेरिकी फौजेचे तळ पसरलेले आहेत. रामश्टाइनचा हवाई तळ, लांडश्टूलचे लष्करी रुग्णालय, शाळा, दुकाने आणि वसाहती. सैनिक, मुलकी नोकर आणि त्यांची कुटुंबे मिळून सुमारे ५० हजार अमेरिकी माणसे तिथे राहतात. अमेरिकेबाहेर त्यांची एवढी मोठी लष्करी वस्ती दुसरी नाही. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत जखमी झालेल्या हजारो सैनिकांना याच लांडश्टूलला आणले गेले. फाटकावर कडक पहारा. जावईबापूंनी आमच्या नावांची नोंद केली, पासपोर्ट तपासून झाले, तेव्हा आत सोडले.

या मंडळामागे इतिहास आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी फौज जर्मनीत राहिली आणि १९४६ पासून सैनिकांची बायका-मुले बोटीने तिथे येऊ लागली. भाषा परकी, शहरे बेचिराख झालेली, नवरा कामावर. अशा बायका चॅपेलमध्ये जमू लागल्या. १९५०च्या दशकात त्यातून 'प्रॉटेस्टंट विमेन ऑफ द चॅपेल' ही संघटना उभी राहिली. आता अमेरिकी फौजेच्या देशोदेशींच्या तळांवर तिची मंडळे आहेत. आठवड्यातून एकदा बायका जमतात, बायबलचा अभ्यास करतात, एकमेकींची विचारपूस करतात. फौजेत दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. आजची चिटणीस उद्या दुसऱ्या देशात जाणार, म्हणून प्रत्येक कामाची वही तयार ठेवून पुढचीच्या हातात देतात. मी ती वही चाळून पाहिली. आमच्या कार्यालयातल्या कित्येक टेबलांवर इतकी नीट वही मिळणार नाही.

तिथल्या सरकारी कागदांत सैनिकाच्या बायकोला 'डिपेंडंट' म्हणतात आणि नवरा हा तिचा 'स्पॉन्सर'. म्हणजे आपल्याकडच्या फॉर्मांवरची 'अवलंबित' हीच. वास्तविक त्या बायका शिकलेल्या. कोणी शिक्षिका, कोणी हिशेबनीस. पण दर बदलीला नोकरी सुटते. अमेरिकी संरक्षण खात्याच्या २०२१च्या पाहणीत नोकरी करू पाहणाऱ्या सैनिकपत्नींपैकी सुमारे २१ टक्के बेकार आढळल्या. बीकॉम होऊनही काही वर्षे चुलीपुढे काढलेल्या मला यात परके काही वाटले नाही.

परिषदेत सर्वांत आधी नजरेत भरली ती मुलांची खोली. नावनोंदणीचे टेबल त्याच्या पुढे होते. मुले सांभाळणाऱ्या बायकांना मोबदला दिलेला, प्रत्येक मुलाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी आणि तोच नंबर आईच्या हातात. आई सभेत बसली की खरोखर सभेतच बसलेली असे. आपल्याकडे अर्धे भाषण होते तोवर पोर रडू लागते आणि बाई चप्पल शोधत निघते.

दुपारी आठ-आठ जणींच्या गटात बोलणे झाले. आमच्या टेबलावर पंचविशीची एक पोरगी होती. तीन मुले, धाकटे तान्हे. नवरा पोलंडला गेलेला. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकल्यापासून तिकडे फौजा पाठवणे वाढले आहे. ती म्हणाली, "दाराची घंटा वाजली की मी आधी खिडकीतून बघते, गणवेशातली माणसं तर नाहीत ना." सैनिक गेल्याची बातमी त्यांच्याकडे गणवेशातला अधिकारी घरी येऊन सांगतो, सोबत बहुधा पाद्री असतो. टेबलावर कोणी "धीर धर" म्हटले नाही. एकीने कागद ओढला, सात वार लिहिले आणि ज्या त्या बाईने आपल्या वारापुढे नाव घातले. सोमवारी ही जेवण नेणार, मंगळवारी ती मुलांना शाळेतून आणणार, शुक्रवारी तिसरी रात्री सोबतीला झोपणार. दहा मिनिटांत काम झाले.

मग मीही माझ्या मोडक्या इंग्रजीत एसटीडी बूथची गोष्ट सांगितली. अडले तिथे ताईंच्या मुलीने, "थांबा मावशी, मी सांगते," म्हणत सावरून घेतले. ऐकून ती पोरगी म्हणाली, "मग रात्री तुम्ही काय करायचा?" वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला. मला लगेच बोलता आले नाही. ताईंनी माझा हात धरला.

प्रार्थनेच्या वेळी मी सर्वांबरोबर उभी राहिले, शब्द मात्र म्हटले नाहीत. कोणी हरकत घेतली नाही. एकीने धर्म विचारला, मी बौद्ध असल्याचे सांगितले. त्यावर तिने माहिती दिली की अमेरिकी सैन्यदलांत बौद्ध धर्मोपदेशकही आहेत. २००४ मध्ये त्यांच्या नौदलात पहिली नेमणूक झाली ती जेनेट शिन या बाईंचीच. वस्तीतल्या भगिनींना सांगते, धर्म नेला तसाच परत आणला आहे.

पटले नाही तेही सांगितले पाहिजे. चॅपेल लष्कराचे. पाद्री हाही हुद्देदार अधिकारी, हत्यार बाळगत नाही एवढेच, आणि मंडळ त्याच्याच देखरेखीखाली. नवऱ्यांना जिथे पाठवतात तिथे का पाठवतात, यावर दोन दिवसांत एक अक्षर निघाले नाही. त्या बायकांनी दुःख वाटून घेतले, दुःखाच्या कारणापाशी त्या थांबल्या. आपण कारण शोधायला शिकलेली माणसे आहोत. पण आपण कारणावर तासभर भाषण करतो आणि शेजारच्या बाईच्या घरी भाकरी नेऊन द्यायला विसरतो, हेही तितकेच खरे.

परत आल्यावर आमच्या महिला मंडळात मी दोन सूचना मांडल्या, दोन्ही मंजूर झाल्या. एक, सभेच्या दिवशी मुले सांभाळण्याचे काम पुरुषांनी पाळीपाळीने करायचे. दुसरी, ज्या घरातला कर्ता माणूस फौजेत, ट्रकवर किंवा आखातात आहे, त्या घरांची यादी करून वार वाटून घ्यायचे, आणि खर्चासाठी दरमहा दहा रुपये जमा करायचे. आमच्या एवढ्याशा वस्तीत अशी सतरा घरे निघाली. त्यातल्या तीन घरांत आम्ही कधी पाऊल ठेवले नव्हते. पहिल्या सभेला मुले सांभाळायला तिघे पुरुष आले, त्यात माझे मिस्टर होते. दुसऱ्या सभेला पाच आले.

भगिनींनो, जर्मनीला जायची गरज नाही. तुमच्या वस्तीत अशी घरे किती, ते येत्या रविवारी मोजा.