पानिपतानंतरचा डाव

प्रत्येक जुन्या वाचनालयात अभिप्रायवही नावाची एक वही असते. आमच्या इंदूरच्या वाचनालयातील ती वही मी गेली पंचवीस-तीस वर्षे चाळत आलो आहे. तिच्यातील मजकूर ठरलेला असतो. ‘ग्रंथसंग्रह उत्तम. सेवकवर्ग तत्पर. दिवाळी अंक लवकर मिळावेत.’ पाहुणे मोठे असले तर मजकूर थोडा लांबतो आणि सही थोडी वळणदार होते, इतकेच. कोणते पुस्तक वाचताना मन कुठे अडले, कशाचा राग आला, हे कुणी लिहीत नाही. शिष्टाचाराने अभिप्रायाचा जीव घेतला आहे.

अभिप्राय जिवंत राहिला आहे तो आपल्या पिढीची पावले सहसा जिकडे वळत नाहीत अशा ठिकाणी, म्हणजे संगणकावर खेळ खेळणाऱ्या तरुणांमध्ये. ‘स्टीम’ नावाचे खेळ विकणारे एक मोठे दुकान २००३ पासून चालू आहे. तेथे खेळाविषयी लिहिणाऱ्याला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : हा खेळ तुम्ही इतरांना सुचवाल की नाही? मधला पर्याय नाही. आणि त्याच्या मजकुराशेजारी, तो खेळ त्याने किती तास खेळला आहे ते आपोआप छापले जाते. चार तास खेळून निंदा करणारा आणि चारशे तास खेळून निंदा करणारा यांतील फरक वाचणाऱ्याला तत्काळ कळतो. आपल्या समीक्षकांच्या नावापुढे असे आकडे छापले तर काय होईल, हा विचार मनात येतो, पण असो.

माझे लक्ष या अभिप्रायांपैकी एका विशिष्ट जातीच्या खेळांवरील मजकुराकडे वेधले गेले. नगर वसवायचे, तटबंदी व बुरूज बांधून त्याचे रक्षण करायचे, आणि ते पडले की पहिल्यापासून सुरुवात करायची, असे हे खेळ. त्यांच्या कुळाचे नाव मोठे विचित्र आहे : ‘रोगलाइट’. देवनागरीत लिहिले की ही एखादी व्याधीच वाटते. पण मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ भामटा. १९८० मध्ये मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ रचला. पडद्यावर नुसत्या अक्षराचिन्हांनी रेखाटलेली भुयारे, दर वेळी नवी. आणि मरण आले की सारे संपले. पुन्हा खेळायचे तर शून्यापासून. पुढे या कठोर नियमाला एक सौम्य पाठभेद निघाला. कॅनडातील एका छोट्या चमूने २०१३ साली ‘रोग लेगसी’ हा खेळ काढला. त्यात नायक मरतो, पण खेळाडू त्याच्या वारसांपैकी एकाची निवड करून पुढे जातो. वारसाला बापाचे धन मिळते आणि कधी कधी रंगांधळेपणासारखी एखादी उणीवही मिळते. शिवाय गढीच्या दारात एक पहारेकरी उभा असतो. जे धन घरच्या वाड्यात गुंतवले नाही ते आत शिरताना तो काढून घेतो. मरण खरे, तरी काहीतरी मागे उरते. ‘रोगलाइट’ या शब्दाचा आशय एवढाच.

या जातीच्या सीमेवर उभा असलेला एक खेळ म्हणजे स्पेनमधील न्युमन्शियन गेम्स या संस्थेचा ‘दे आर बिलियन्स’. तो अपूर्णावस्थेत २०१७ च्या डिसेंबरमध्ये आणि पूर्ण रूपात २०१९ च्या जूनमध्ये आला. संस्थेच्या नावातच एक वेढा आहे. रोमन सैन्याने दीर्घकाळ झुंजून इसवी सनापूर्वी १३३ मध्ये जे नगर पाडले, ते न्युमन्शिया स्पेनमधलेच. खेळात खेळाडूने एक वसाहत उभारायची असते. लाकूड, दगड, लोखंड, धान्य, वीज यांचा मेळ घालायचा, घरे बांधायची आणि भोवती तट घालायचा. बाहेर प्रेतवत् माणसांचे लोंढे फिरत असतात. आवाज झाला की ते त्या दिशेने चालू लागतात, म्हणून रक्षणासाठी ठेवलेली बंदूकच कधी संकटाला आमंत्रण देते. ठरलेले दिवस, कधी १५०, कधी ८०, वसाहत टिकवायची. आणि शेवटचा हल्ला चोहोबाजूंनी येतो.

या खेळातील खरी मेख अशी, की तटाच्या एखाद्या फटीतून एक जरी प्रेतमानव आत शिरला, तरी तो ज्या घराला भिडतो त्या घरातील सारी माणसे त्याच्यासारखी होऊन बाहेर पडतात. त्यांच्यामुळे शेजारचे घर, मग आळी, मग पेठ. पाच-सहा तासांची मेहनत पाच मिनिटांत जाते. आणि मागे जाण्याची सोय नाही : वसाहतीचे मुख्य केंद्र पडले की जतन केलेला डावही पुसला जातो.

खेळाडूंनी याचे स्वागत कसे केले असेल? त्यांत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे, नोकरी-धंदा सांभाळून सुट्टीच्या दिवशी खेळणाऱ्याचे सहा तास एका क्षणात हिरावून घेणे हा क्रूरपणा आहे. काहींनी तर जतन झालेल्या डावाची नक्कल दुसरीकडे काढून ठेवण्याची युक्ती शोधली. दुसरा पक्ष म्हणे, मागे फिरता येत नाही म्हणूनच रात्रीच्या पहाऱ्याला अर्थ आहे. नगर परत मिळणार असेल तर तट कशाला बांधायचा? मौज अशी, की हा वाद होऊनही खेळाच्या मूळ रूपावर लोकांचे प्रेम राहिले. जास्त कडवट अभिप्राय उमटले ते २०१९ मध्ये जोडलेल्या कथाप्रधान मोहिमेवर, विशेषतः तिच्यातील एकट्या वीराला घेऊन अंधाऱ्या तळघरांतून वस्तू शोधत हिंडण्याच्या प्रसंगांवर. तेथे हार मोठी नव्हती. वेळ मात्र जात होता. लोकांनी हार सोसली, कंटाळा सोसला नाही.

दुसरा खेळ पोलंडच्या एरेमाइट गेम्सचा, ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’. हाही आधी अपूर्णावस्थेत लोकांपुढे ठेवला गेला. दर पंधरवड्याला त्यात सुधारणा होत, आणि त्यांतील कित्येक खेळाडूंच्याच सूचनांवरून केलेल्या असत. पूर्ण रूप २०२३ च्या डिसेंबरमध्ये आले. येथे बुरूज नाहीत. शत्रू आहे तो पाऊस. होरपळलेल्या राणीचा सुभेदार म्हणून अरण्यात वसाहत घालायची, नाना जातींच्या रहिवाशांना त्यांच्या आवडीचे अन्न, वस्त्र, निवारा द्यायचा, आणि राणीचा धीर सुटण्याच्या आत कीर्ती मिळवायची. ती मिळाली की वसाहत जिंकली. आणि जिंकली की सोडून पुढे जायचे. काही काळाने महावादळ येते व अरण्यातल्या साऱ्या वसाहती धुऊन नेते. टिकते ती एकटी राजधानी आणि तिच्यात गुंतवलेली सामग्री.

या खेळाची स्तुती फार झाली, आणि तिचे कारण मार्मिक आहे. १९८९ च्या ‘सिमसिटी’पासून नगररचनेच्या सर्व खेळांचे एक जुने दुखणे आहे : आरंभीची धडपड रंगते, पण नगर एकदा सुस्थितीत आले की करण्याजोगे काही उरत नाही. ‘अगेन्स्ट द स्टॉर्म’ने नेमका तो क्षण गाठून डाव संपवला. तक्रारही त्याच जागेवरून उमटली. काहींना नगर जिंकायचे नव्हते, त्यात राहायचे होते. घडी बसली, चूल पेटली, माणसे ओळखीची झाली आणि म्हणता म्हणता उठायचे! ज्यांच्या पूर्वजांनी साताऱ्याहून, वाईहून किंवा कोकणातून निघून माळव्यात बिऱ्हाड केले, त्या आपल्यासारख्यांना ही तक्रार परकी वाटू नये.

हे सारे मला माझ्या भाच्याने दाखवले. तो देवासहून आमच्याकडे येऊन राहिला होता. सहा वर्षे त्याने स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला. यादीत नाव आले नाही. मग वयोमर्यादा संपली. त्या सहा वर्षांत त्याने लग्नमुंजींना जाणे हळूहळू बंद केले, कारण मांडवात पाऊल टाकताच प्रश्न येई, “सध्या काय चाललंय?” एका संध्याकाळी पडद्यावरील अभिप्राय मला वाचून दाखवता दाखवता तो थांबला आणि म्हणाला, “मामा, इथं हरलेला माणूसही चारशे तास खेळलो म्हणून उघड लिहितो. आपल्याकडे सहा वर्षं लपवावी लागतात.”

माझी बहीण तेव्हा तेथेच होती. ती शांतपणे म्हणाली, “खेळात परत सुरू करता येतं. तुझं वय परत येणार आहे का?”

या प्रश्नाला उत्तर नाही. खेळाची उपमा येथे तुटते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. संगणकातील नगर शंभर वेळा पडले तरी पोट उपाशी राहत नाही आणि आई म्हातारी होत नाही. तरीही बहिणीचे बोलणे आणि खेळाडूंचे अभिप्राय शेजारी ठेवले, की एक गोष्ट दिसते : दोघेही वेळच मोजत आहेत. मात्र खेळाडू वेळेबरोबर आणखी दोन प्रश्न विचारतात. मी कुठे हरलो ते मला कळले का? आणि हातात काही उरले का? तटाची कोणती बाजू कच्ची राहिली ते कळले, तर सहा तास गेल्याचे दुःख सोसते. कारण न कळता डाव गेला, तर तो खेळ कितीही देखणा असो, खेळाडू नापसंतीचा शेरा मारून मोकळा होतो.

हे माप त्या परीक्षेला लावून पाहिले. भाच्याच्या हाती दोन्ही वेळा आकडे आले. कारण आले नाही. मुलाखतीत काय उणे पडले, हे त्याला कुणी सांगितले नाही. तट कोणत्या बाजूने फुटला ते अखेरपर्यंत अंधारातच राहिले. त्याच्या मनाला खरी जखम झाली ती तेथे. घरच्यांनी मात्र ती फक्त निकालात शोधली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे बरे आहे. सध्या तो एका वकिलांच्या कचेरीत काम करतो. जमीन-महसुलाचा कायदा त्याला त्या अभ्यासामुळे तोंडपाठ आहे आणि पक्षकारांचे जुने कागद तो झटकन लावतो. पहारेकऱ्याच्या हाती न लागलेले धन एवढेच. ते थोडे आहे. पण ते आहे.

पराभवाला आपल्या भाषेत एक विशेषनामच सामान्यनाम होऊन बसले आहे. कुणाचा धंदा बुडाला, कुणाचे बोलणे फिसकटले, की आपण म्हणतो, ‘पानिपत झाले.’ बोलणाऱ्याच्या मनात त्यापुढे पूर्णविराम असतो. इतिहासाने तो दिलेला नाही. १७६१ च्या त्या रणातून महादजी शिंदे पायाला जन्माची जखम घेऊन परतले. मराठी फौजा १७७१ मध्ये पुन्हा दिल्लीत होत्या, आणि पुढच्याच वर्षी शाहआलम बादशहा त्यांच्या पाठबळाने राजधानीत शिरला. अहिल्याबाईंचा कारभार पानिपतानंतर सहा वर्षांनी सुरू झाला. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांपैकी बहुतेकांची चूल त्या नंतरच्या डावातच पेटली. महादजींचा पाय मात्र बरा झाला नाही. जे पुढच्या डावात येते त्यात धनाबरोबर लंगडेपणाही असतो, हे ‘रोग लेगसी’च्या कर्त्यांनाही समजले होते.

आणि पराभवावर लिहिणे आपल्याला अगदीच अपरिचित नाही. ‘भाऊसाहेबांची बखर’ ही एका हरलेल्या मोहिमेचीच हकीकत आहे. कुठे मसलत बिघडली, कुठे अन्न तुटले, कोण कुणाशी रुसले, हे तिने झाकून ठेवले नाही. निकाल साऱ्या देशाला ठाऊक होता. तरीही कुणाला तरी कारणे लिहून ठेवावीशी वाटली. ज्या समाजाने एका सेनेच्या नाशाची बखर लिहिली आणि दोनशे वर्षे वाचली, त्याच्या मांडवात एका मुलाच्या सहा वर्षांना चार वाक्यांची जागा मिळू नये, हे मला खटकते.

म्हणून आपल्या घरांसाठी एक साधी सूचना करावीशी वाटते. परीक्षेतून, धंद्यातून, मोडलेल्या संसारातून परतलेल्या माणसाला ‘आता पुढे काय?’ हे विचारण्याआधी ‘कुठे अडलं?’ असे विचारावे, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. उत्तर देताना तोही आपला तट पुन्हा एकदा फिरून पाहील. माझ्या बहिणीचा प्रश्न याने सुटत नाही. गेलेले वय परत येत नाही. पण ज्याची हकीकत कुणीतरी ऐकून घेतली आहे, त्याला पुढच्या डावासाठी पाट मांडणे थोडे सोपे जाते.