दोन गाड्या आणि आईचा खुबा

वाचकहो, जुनी गाडी घेताना आपण प्रथम काय पाहता? मी किलोमीटरचा आकडा पाहत असे. या वेळी सोबत आई होती, आणि चार महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या खुब्याचे प्रत्यारोपण झाले होते.

निवड दोन गाड्यांतून करायची होती. एक २०१३ची वॅगनआर, खालच्या श्रेणीची, म्हणून एअरबॅग नाहीत. दुसरी २०१६ची सेडान. दोन एअरबॅग, एबीएस, आणि भाव जवळजवळ तोच. त्या भावाचा संशय यायला हवा होता. मला तो सुयोग वाटला.

सेडानमध्ये आई बसली, ती जणू खाली उतरलीच. गुडघे खुब्याच्या वर आले. डॉक्टरांनी नेमके तेच टाळायला सांगितले होते. बाहेर येताना तिने दाराची चौकट घट्ट धरली, बोलली काहीच नाही. वॅगनआरच्या उंच बैठकीवर मात्र ती पाठमोरी टेकली आणि मग दोन्ही पाय सावकाश आत घेतले, फिजिओथेरपीत शिकवले होते तसे.

तरी मन एअरबॅगांपाशी अडकले होते. सेडानच्या बैठकीवर जाड उशी ठेवू, असे मी सुचवले. आमचा मेकॅनिक म्हणाला, ‘‘सैल उशी जोराच्या ब्रेकला सरकते, दादा. काकू पट्ट्याखालून घसरतील.’’

आईला दमाही आहे. ‘‘अरे, इतके अत्तर कशाला फवारले असेल?’’ एवढेच ती म्हणाली. तेव्हा मेकॅनिकने पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. गुंडाळीत दडलेल्या टोकाला मातकट रेघ होती. डिकीतले स्टेपनी चाक उचलले, तर खाली वाळलेला गाळ. आम्ही सांगलीकर, २०१९चा आणि २०२१चा महापूर पाहिलेले. ती रेघ ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. विक्रेता म्हणाला, ‘‘धुतली असेल कुणीतरी, साहेब.’’

पुराचे पाणी वायरिंगच्या जोडांत शिरले की गंज मागाहून चढत राहतो. ज्या एअरबॅगांसाठी मी आईचा खुबा वाकवायला निघालो होतो, त्या ऐनवेळी उघडतील याची खात्री उरली नव्हती. शिवाय गालिच्याखालच्या ओलसर स्पंजात बुरशी धरते, आणि दमेकऱ्याने ती बंद काचांआड हुंगायची!

वॅगनआर घेतली. टायरवरचा आकडा १२१७, म्हणजे २०१७च्या बाराव्या आठवड्यातले. चारही बदलावे लागले. नोंदणीची पंधरा वर्षे २०२८मध्ये संपतील. एअरबॅग नसल्याची बोच आहेच. म्हणून आई मागे बसते, तिथेही पट्टा लावते, आणि मी साठच्या वर जात नाही. मागच्या पट्ट्याचा खटका जरा कडक आहे. तो लावायला ती अजून मलाच हाक मारते.