लक्झेंबर्ग उद्यानातील एक प्रश्न

पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यान राणी मारी द मेदिसी हिने १६१२ मध्ये उभारावयास घेतले. आज ते फ्रान्सच्या सिनेटच्या ताब्यात आहे. प्रवासी बहुधा राजवाडा आणि कारंजे पाहून पुढे जातात. परंतु पॅरिसचा माणूस पाहावयाचा असेल, तर तेथील हिरव्या खुर्चीवर तासभर बसावे. एकीकडे बुद्धिबळाचे पट मांडलेले असतात, पलीकडे पेताँकचे पोलादी गोळे जमिनीवर आपटत असतात, अष्टकोनी तळ्यात मुले छोटी शिडाची जहाजे काठीने ढकलीत असतात. मधमाश्या पाळावयास शिकविणारे वर्ग तर येथे १८५६ पासून आहेत.

येथे अनोळखी माणसाशी बोलावयाचे तर प्रथम ‘बाँझूर’ म्हणावे. त्यावाचून विचारलेला प्रश्न उद्धट वाटतो. मग ‘व्हू झुए सुव्हाँ इसी?’, म्हणजे ‘आपण येथे नेहमी खेळता का?’ एवढे पुरे. ‘व्हू’ हे आदरार्थी ‘आपण’. ‘त्यू’ची सलगी समोरच्याने देऊ केल्याखेरीज घेऊ नये. आपल्याकडे ओळख होताच ‘धंदा कसला, दुकान कोठे’ असे विचारण्यात आपुलकी असते. तेथे मिळकतीकडे झुकणारा प्रश्न पहिल्या भेटीत खटकतो. छंदाचा मात्र सुखावतो.

छंदाला फ्रेंचमध्ये एक सुरेख नाव आहे: ‘व्ह्योलाँ दँग्र’, म्हणजे अँग्रचे व्हायोलिन. अँग्र (१७८०–१८६७) हा थोर चित्रकार. पोट आणि कीर्ती चित्रांवर, पण व्हायोलिनही तितक्याच जीव लावून वाजवी.

अडचण येते ती पुढे. पटावरचा म्हातारा मान वर करून उलट विचारतो, ‘ए व्हू?’ – आणि आपण? मुलाकडे महिनाभर आलेला, चाळीस वर्षे पेढी सांभाळलेला गृहस्थ येथे अडखळतो. ‘दुकान’ हे उत्तर त्या प्रश्नाला लागू पडत नाही, आणि दुसरे उत्तर मराठीतही चटकन सुचत नाही. सुदैवाने बुद्धिबळाचे नियम दोन्हीकडे तेच. म्हातारा बोटाने समोरची खुर्ची दाखवितो, मोहरे पुन्हा मांडले जातात.

सायंकाळी रखवालदारांच्या शिट्ट्या वाजू लागतात. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. पण शिट्टी झाली की डाव अर्धा असला तरी उठावे लागते.