आधी डिपर, मग अप्पर

ऑगस्ट उजाडला की चंदीगडच्या मनीमाजरा मोटर मार्केटमध्ये हिमाचल पासिंगच्या पिकअप गाड्यांची रांग लागते. सफरचंदाचा हंगाम सुरू झालेला असतो. वरच्या बागांमधून माल भरायचा, शिमला-सोलन मागे टाकत परवाणूचा घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत सेक्टर 26च्या मंडईत पोहोचायचं, हा या चालकांचा दिनक्रम. त्यांची मागणीही ठरलेली असते: ‘‘पाजी, रात को कुछ दिखता नहीं. बड़े वाले बल्ब डाल दो.’’

गाड्यांचं वायरिंग आणि दिवे हाच माझा व्यवसाय आहे. बडे वाले बल्ब मी टाकून देत नाही. उजेड वाढवायला माझी ना नाही, पण तो बल्बपासून सुरू करायचा नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना 60/55 वॅटचा एच-4 हॅलोजन बल्ब असतो, अप्परला 60 आणि डिपरला 55. त्याच्या जागी 100/90चा बसवला की तेवढ्याच जाडीच्या वायरमधून दीडपटीहून जास्त करंट ओढला जातो. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी काळवंडते आणि वर्षभरात पहिल्यापेक्षा कमी दिसू लागतं.

एलईडी बल्बचं दुखणं वेगळं आहे. एच-4 बल्ब हातात घेऊन नीट पाहा. डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्यावर फेकला जातो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या तारेच्या जागेवर बेतलेलं असतं. एलईडीची चिप त्या जागेपासून थोडी जरी हलली, तरी प्रकाश विस्कटतो. चालक मात्र खूश होतो, कारण बंपरपुढचा रस्ता लख्ख पांढरा दिसतो. डोळा त्या जवळच्या लखलखाटाला सरावतो आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा रस्त्यात बसलेली गाय असते ती त्या लांबच्या अंधारात.

म्हणून मी आधी मल्टिमीटर काढतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट दिसतात आणि बल्बच्या पिनांवर जेमतेम 12. मधले व्होल्ट जुनी बारीक वायर, झिजलेला स्विच आणि गंजलेलं अर्थिंग खातात. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं, तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. बॅटरीपासून फ्यूज घालून थेट जाड वायर आणायची, मध्ये रिले बसवायचा, स्विचकडे फक्त रिले चालवण्याचं काम ठेवायचं आणि अर्थिंग घासून घट्ट करायचं. एवढ्यावर तोच 55 वॅटचा बल्ब ओळखू येत नाही. काच पिवळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरने पाण्याखाली घासून वर यूव्ही-रोधक क्लिअर कोट मारायचा. कोट टाळला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी.

पिकअपचा खरा प्रश्न मात्र मागच्या हौद्यात असतो. माल भरला की पाटे दबतात, शेपटी खाली बसते आणि तोंड वर उठतं. दोन चाकांमधलं अंतर 3 मीटर धरा. मागची बाजू 6 सेंटिमीटर जास्त दबली, तर दिवा 2 टक्क्यांनी वर जातो. रिकाम्या गाडीत 1 टक्का खाली लावलेला डिपर भरल्या गाडीत 1 टक्का वर बघायला लागतो. दिवा जमिनीपासून 80 सेंटिमीटरवर असेल, तर 50 मीटरवर त्याच्या झोताची कड 1.3 मीटर उंचीवर पोहोचते. समोरच्या कारवाल्याचे डोळे त्याच्या खालीच येतात. तो चिडून अप्पर मारतो, आपलाही माणूस अप्पर मारतो आणि दोघंही काही क्षण आंधळे होऊन एकमेकांना ओलांडतात. हे टाळण्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ 0 ते 3 आकड्यांचं बटण दिलेलं असतं. ते कशासाठी आहे, हे बहुतेक चालकांना कुणी सांगितलेलंच नसतं, याची मला चीड येते. माझ्याकडे आलेल्या गाडीचे दिवे मी शक्यतो माल भरलेला असतानाच भिंतीवर लावून देतो.

एवढं करून कमी पडलं, तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचा अख्खा हेडलॅम्प घ्यावा. तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मान्य झालेला असतो. मोटार वाहन कायद्याचं 52वं कलमही कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या इकडच्या धुक्यात तर अप्पर लावला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. तिथे बंपरात खाली बसवलेले, रुंद झोताचे फॉग लॅम्प लागतात. ते पिवळे आहेत की पांढरे, यापेक्षा किती खाली आहेत हे महत्त्वाचं.

ताशी 60च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. चालक दचकून ब्रेक दाबेपर्यंत 25 मीटर संपतात, थांबायला आणखी वीस-पंचवीस. चांगला डिपर साधारण तेवढंच दाखवतो.

दिवाळीला गावी निघाल, कसारा किंवा खंबाटकी रात्री ओलांडाल, तेव्हा माणसं आणि सामान गाडीत भरल्यावर ती सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. वर दिसली तर बटण फिरवा. बटण नसेल तर मेकॅनिककडून हेडलॅम्पमागचे स्क्रू लावून घ्या आणि मगच निघा.