माळवदावरची माती

भाद्रपद अर्ध्यावर आला की उमरग्यात हिशेबाचे दिवस सुरू होतात. मूग-उडदाच्या राशी होऊन पोती आडतीत जाऊन पडलेली असतात, रानात सोयाबीन पिवळं पडू लागलेलं असतं, आणि आडत दुकानांच्या पायऱ्यांवर उचल, व्याज, हमाली, तोलाई अशी वजाबाकी चाललेली असते. अनंत चतुर्दशीला गणपती जातो. त्याच दिवशी दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व संपतं आणि पाठोपाठ क्षमावाणी येते. एरवी गादीवरून न हलणारा व्यापारी त्या दिवशी उठून हात जोडतो, ‘उत्तम क्षमा’ म्हणतो. समोरचा गिऱ्हाईक असो की हमाल. मग पितृपंधरवडा लागतो, गेलेल्यांची पानं वाढली जातात, कावळ्याची वाट बघत माणसं पत्र्याकडे डोळे लावून बसतात. पैशाचं, जित्याजागत्या माणसांचं आणि मेलेल्यांचं असं सगळं देणं-घेणं एकाच महिन्यात निघतं.

१९९३ साली याच दिवसांत भूकंप झाला. चतुर्दशीची रात्र होती, गणपती बोळवून माणसं उशिरा आडवी झालेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. उमरग्याच्या सरळ उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर किल्लारी. सास्तूर तर तेव्हा आमच्याच तालुक्यात होतं; लोहारा तालुका पुढे झाला. उमरग्यात भांडी खळाखळा पडली, माणसं रस्त्यावर आली, आणि उजाडल्यावर उत्तरेकडच्या रस्त्यानं जखमी माणसं येऊ लागली. मेलेल्यांचा आकडा आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत सांगतात. ५२ गावं जागा बदलून नव्यानं वसवावी लागली. त्या दिवशी पौर्णिमा होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. कितीतरी घरांत पान वाढायलाही कुणी उरलं नव्हतं.

पहिले काही दिवस कुणी कारण विचारलं नाही. ढिगारे उपसायचे होते, सरणं रचायची होती, वरून पाऊस. उमरग्यात घरोघरी भाकऱ्या थापल्या जात होत्या आणि टेम्पो भरून जात होत्या. कारण विचारायला सवड लागते. ती मिळाली तशी पारावर, हॉटेलात, एस.टी.च्या फलाटावर बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं, माकणीचं धरण भरलं आणि खालचा दगड सरकला. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद झाले. कुणी म्हणालं, देवाचं काहीतरी चुकलं. आणि बरेचजण म्हणाले, भोग. गेल्या जन्मीचं देणं. करावं तसं भरावं.

हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि तो मला सरसकट टाकून देता येत नाही. ज्या बाईचं सगळं गेलं ती कपाळाला हात लावून ‘माझाच भोग’ म्हणते, तेव्हा त्या शब्दात तिला पाठ टेकायला जागा मिळते. एवढं मोठं दुःख उगाच, बिनकारणी आलं असं म्हणण्यापेक्षा माझं काहीतरी असेल म्हणणं सोसायला सोपं जात असावं. पण तेच वाक्य इस्त्रीचे कपडे घालून मदत वाटायला आलेल्या माणसाच्या तोंडून येतं तेव्हा तो निवाडा होतो. कर्माचा सिद्धांत दुसऱ्याच्या दारात उभं राहून सांगण्याचा नव्हेच. तसा सांगणाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःचं घर शाबूत राहिल्याचं समर्थन हवं असतं.

यातून मोठी माणसंही सुटलेली नाहीत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारात भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनेला नीतीचं कारण चिकटवू नका, असा त्यांचा मुद्दा. गांधीजींनी रवींद्रनाथांचं म्हणणं ‘हरिजन’मध्ये छापलं, उत्तर दिलं, आणि आपलं मत सोडलं नाही. मला या वादात रवींद्रनाथ बरोबर वाटतात. गांधीजींच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की पाप मोजताना ते स्वतःला आणि स्वतःच्या समाजाला धरून मोजत होते. तरी ढिगाऱ्याखाली कोण गेलं? ज्यांना शिवत नव्हते तेही गेलेच.

आमच्या पूर्वेला, चाळीसेक किलोमीटरवर, बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथे बसवण्णांनी आणि शरणांनी पाच सूतकं नाकारली: जन्माचं, मरणाचं, विटाळशीचं, उष्ट्याचं आणि जातीचं. माणसाचा जन्म हाच त्याच्या मागल्या पापाचा दाखला, या समजुतीच्या मुळाशीच त्यांनी हात घातला. उमरग्यात आजही सकाळी लिंगायतांचं ‘शरणु शरणार्थी’ ऐकू येतं. तरी भोग हा शब्द लिंगायत घरातही तितकाच चालतो. आठशे वर्षं काही शब्दांना पुरत नाहीत.

पण भूकंपाचं कारण म्हणजे माणसं कशानं मेली याचं कारण नव्हे. जमीन हलली, मारलं भिंतींनी आणि माळवदांनी. किल्लारीकडची जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. काळ्या दगडाची, दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीची भिंत. बाहेरून एक पदर, आतून एक पदर, दोन्हींच्या मधे बारीक दगडांची भर, आणि सांधायला चिखल. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. आत लाकडी खण, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचांचा थर, त्यावर पाला आणि वर माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. चोराला भिंत फोडायची तर रात्र पुरायची नाही. जमीन हलली तसे भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि आत-बाहेर कोसळले. कितीतरी ठिकाणी लाकडी खण तसेच उभे राहिले. भिंती नाहीत, छताचा भार खाली आलेला, आणि मधे खांब उभे.

माळवदाची खरी गोष्ट मातीत आहे. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी वर नवी माती टाकायची, चोपायची, उतार धरायचा. जुनी काढायची कुणी नाही. बापानं टाकली, लेकानं टाकली, सुनेनं टाकली. ज्या घराची निगा चांगली त्या घरावर माती जास्त. आळशी माणसाचं माळवद गळायचं, पण हलकं राहायचं. ‘करावं तसं भरावं’ म्हणणाऱ्यानं इथे काय म्हणायचं? पिढ्यान्‌पिढ्या घराला जपण्यासाठी जे केलं, त्याचंच ओझं एका पहाटे अंगावर आलं. यात पाप शोधून सापडत नाही. कारण मात्र आहे, ते टोपलीनं मोजता येतं.

माझ्या माहितीतल्या एका आजीचं गाव त्या ५२ गावांमधलं. सून आणि तान्हा नातू गेले. त्या वेळी अंगणात निजलेला थोरला नातू वाचला आणि पुढे उमरग्यात येऊन राहिला. आजींना कुणी भोग म्हटलं की त्या ऐकून घ्यायच्या, वाद घालायच्या नाहीत. एकदा दुपारी तुरीची डाळ पाखडता पाखडता, कुणी काही विचारलेलं नसताना, त्या म्हणाल्या, “माती मीच टाकायची की हो दर साली. पांढरीची आणायची, ओढ्याकडची. तीस-तीस टोपली. सून म्हणायची, अत्या, बास करा आता. मी म्हणायची, गळंल.” आणि सूप पुन्हा हलू लागलं. खडे एका बाजूला, डाळ एका बाजूला.

त्यांना काय सांगायचं? तुमचा दोष नाही, म्हणणं सोपं. तसा तो नव्हताच. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा सगळा मुलूख तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात गेला. १९९२ च्या पावसाळ्यात किल्लारीला धक्के बसले होते, माणसं भिऊन बाहेर झोपली होती, मग धक्के थांबले आणि माणसं आत गेली. ज्यांच्याकडे यंत्रं होती, नकाशे होते, खुर्च्या होत्या, त्यांनी काय केलं हा प्रश्न आजींच्या टोपलीपेक्षा मोठा आहे. पण आजींना दुसऱ्या कुणाच्या खुर्चीशी देणंघेणं नव्हतं. त्यांचा हिशेब त्यांच्या टोपलीपाशी येऊन थांबला होता आणि तो मोडायला बाहेरचं माणूस उपयोगी पडत नाही.

अशा वेळी मला तेरचे गोरोबाकाका कुंभार आठवतात. तेर आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. तीच तेरणा पुढे माकणीच्या धरणात येते आणि भूकंपाच्या मुलखातून वाहत जाते. गोरोबांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात भान हरपलं, रांगत आलेलं मूल पायाखाली गेलं. मी ऐकलेल्या कुठल्याच कीर्तनात गोरोबा ‘पोराचं प्रारब्ध’ म्हणत नाहीत, ‘मी देवाच्या नामात होतो’ असंही पुढे करत नाहीत. बायको विठ्ठलाची आण घालते, मला शिवू नका. ते पाळतात. पुढे झोपेत ती आण मोडली गेली तेव्हा स्वतःचे हात तोडून टाकतात.

कीर्तनकार इथे आवाज चढवतात आणि लोक गहिवरतात. मला मात्र इथे दर वेळी कुंभारवाड्यातलं थांबलेलं चाक दिसतं. हात तोडले, ठीक. मडकी कोण घडवणार? पोराची आई आधीच पोर गमावून बसलेली, आता घरात दाणा नाही. प्रायश्चित्त घेणाऱ्याचं प्रायश्चित्त बऱ्याचदा घरातल्यांना भरावं लागतं. दारू सोडतो म्हणून देवळात जाऊन बसणारे, चुकलो म्हणून बैरागी होणारे, सगळ्यांच्या मागे एक चूल असते. आमची परंपरा शहाणी की तिला हे कळलं. तिनं विठ्ठलाला गोरोबांच्या घरी कामाला धाडलं, विठू नावाचा कामगार करून. देवानं माफ केलं असं गोष्ट म्हणत नाही. देवानं चिखल तुडवला म्हणते. मडकी केली, भट्टी लावली, बाजारात नेली. पुढे पंढरीला कीर्तनात हात परत आले, मूल रांगत आलं, हे सगळं आहे. पण ते शेवटी. मधले कितीतरी दिवस क्षमा त्या घरात कामावर येत होती.

आणखी एक गोष्ट. संतमंडळीत कोण कच्चं, कोण पक्कं हे पाहायला थापटणं दिलं ते गोरोबांच्याच हाती. नामदेव कच्चे निघाले. ही गोष्ट आधीची की नंतरची, कुणी विचारत नाही, पण मला ती नंतरचीच वाटते. ज्याच्या पायाखाली पोर गेलं त्याच्या हातात आपलं डोकं द्यायला ज्ञानेश्वर, मुक्ताई तयार झाले. ‘काका’ म्हणून. याहून मोठी माफी कुणी कुणाला दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही, आणि तीत माफीचा शब्दही नाही.

जैनांच्या क्षमावाणीतही मला एक गोष्ट आवडते. त्यांच्या विचारात पाप पुसून देणारा देव नाही. जे कर्म चिकटलं ते तुमचं तुम्हीच झाडायचं. मग माफी मागायची तर ती माणसाकडेच मागावी लागते, समोरासमोर, ओळखीच्या चेहऱ्याकडे. आडत्यानं हमालासमोर हात जोडले म्हणून हमालीचा दर वाढत नाही, हेही खरं. त्याबद्दल हमाल काय म्हणतात ते विचारायला हवं.

भूकंपानंतर आमच्याकडेही क्षमा अशीच कामावर आली असं मला वाटतं. जवानांनी ढिगारे उपसले. भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली. जागतिक बँकेचं कर्ज आलं, नवी गावठाणं आखली गेली, सरळ रेषेत, गल्ल्यांची सवय नसलेल्या रुंद रस्त्यांची. पडझड झालेल्या घरांच्या भिंतींत भोकं पाडून काँक्रीट भरण्यात आलं, दोन पदरांना बांधणारा तोच नसलेला दगड उशिरानं बसला. यात चोरी झाली, कंत्राटं झाली, तक्रारी अजून आहेत. जुन्या गावठाणांत बाभळी माजल्या. तरी त्या भोकांत काँक्रीट ओतणाऱ्या गवंड्याला मी विठूच्या जातीचा मानतो.

आजींच्या नातवानं गेल्या उन्हाळ्यात उमरग्यात वरचा मजला काढला. मी गेलो तेव्हा आजी अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, कॉलमच्या सळया मोजत. त्यांची नजर गवंड्यावरून हलत नव्हती. दाराच्या वरची पट्टी सगळीकडून फिरवली का, कोपऱ्यात सळई वाकवून आत घेतली का, असं त्यांचं चालू होतं.

गवंडी वैतागला होता. “आज्जी, इंजिनेर साहेब येऊन बघून गेलेत की.”

“त्यो गेला बघून. राहायचं कुणाला हाय?”

“बरं. वर गच्चीवर भर टाकायची का पाणी उतरायला? दोन ट्रॉल्या मुरूम सांगू?”

आजी उठल्या. काठी टेकत जिन्याच्या पायरीपर्यंत आल्या, वर बघितलं, नातवाला हाक मारली.

“किती जड व्हतंय ते आधी इचार त्याला. मग सांग ट्रॉल्या.”

गवंड्यानं टेप काढला आणि लांबी-रुंदी घ्यायला वर चढला.